पुन्हा हैदराबाद

हैदराबाद शहर मला नवे नाही. आमचे बदनापूर हे जालना जिल्ह्यातील तालुक्याचे एक लहानसे गाव, आणि हैदराबाद हे विस्तीर्ण महानगर. दोहोंची तुलना करावयाची झाली, तर ओढा आणि समुद्र यांचीच करावी लागेल. तरीही माझ्या लहानपणी आमच्या गावच्या वडीलधाऱ्या माणसांच्या तोंडी पुण्यामुंबईपेक्षा हैदराबादचे नाव अधिक वेळा येत असे. याचे कारण इतिहासात आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थान भारतात विलीन झाले, तरी पुढे १९५६ पर्यंत आमची राजधानी हैदराबादच राहिली. त्या वर्षी मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्याची स्थापना झाली. राजधानी बदलली; पण जुनी ओळख एका दिवसात पुसली जात नाही. माझे आजोबा दस्तऐवज, तहसील, जमाबंदी असे शब्द उच्चारीत, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर हैदराबादचे दरवाजे आणि मिनार उभे राहत असावेत, असे मला वाटे.

मी स्वतः हैदराबादेस प्रथम गेलो तो १९८२ साली. आमच्या बदनापुरास कृषी संशोधन केंद्र आहे. तुरीच्या वाणांसाठी ते प्रसिद्ध आहे. शेतकरी 'बीडीएन' म्हणून ज्या तुरी पेरतात, त्यांच्या नावातील ती अक्षरे बदनापूरचीच आहेत. तुरीच्या शेतात वाढलेल्या मला हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथे काम मिळाले, याचे कोणास आश्चर्य वाटले नाही. तेथे १९७२ साली स्थापन झालेली कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था आहे. ज्वारी, बाजरी, हरभरा, तूर आणि भुईमूग या आमच्याच शेतांतील पिकांचा अभ्यास तेथे चाले. मी दोन वर्षे तेथे होतो. आठवडाभर शेतात राबावे आणि रविवारी बस पकडून शहर पाहावयास जावे, असा माझा क्रम असे.

अशाच एका रविवारी माझे मनगटी घड्याळ बंद पडले. नोकरीस निघताना वडिलांनी ते दिले होते. चारमिनारकडे जाणाऱ्या रस्त्यावर पत्थरगट्टी नावाची दगडी कमानींची बाजारपेठ आहे. तेथील एका कमानीखाली घड्याळे दुरुस्त करणारा एक तरुण बसला होता. माझ्याहून तो आठदहा वर्षांनी मोठा असेल. डोळ्याला भिंग लावून त्याने घड्याळ उघडले, क्षणभर आत पाहिले आणि मग ते भिंग माझ्याच हाती दिले. "आधी तुम्ही पाहा," तो म्हणाला.

मी पाहिले आणि थक्क झालो! वर्षभर मी जे मनगटावर मिरवीत होतो, त्याच्या पोटात दातेरी चक्रांचे एक लहानसे गाव वसले होते. एका चक्राने दुसऱ्यास फिरवावे, दुसऱ्याने तिसऱ्यास, अशी त्याची रचना होती. केसाहून बारीक अशी एक कमान सारखी आकसत आणि उलगडत असावयास हवी होती. परंतु धुळीच्या एका कणाने तिला अडविले होते. त्याने चिमट्याने तो कण काढला आणि सारे गाव पुन्हा कामाला लागले. मी पैसे पुढे केले, तेव्हा तो हसून म्हणाला, "नक्को मियाँ, धूल के पैसे नक्को!"

त्या 'नक्को'ने मी दचकलोच. हा तर आमचा 'नको'! पुढे मला कळले, की दक्षिणेतील या दखनी बोलीने शेजारच्या मराठीकडून 'नको' घेतला आणि शब्दावर जोर देणारा आपला 'च'ही घेतला. 'मीच' म्हणावयाचे असेल, तर हैदराबादचा माणूस 'मैंच' म्हणतो. परक्या शहरात आपल्या घरचा शब्द भेटला, की शहर परके राहत नाही. त्या दिवसापासून आमची मैत्री जडली. मी त्यांना 'उस्ताद' म्हणू लागलो आणि ते मला 'बदनापूरवाले' म्हणू लागले.

उस्तादांचे एक वेड होते. रविवारी दुपारी दुकान बंद केले, की ते मला सालारजंग वस्तुसंग्रहालयात घेऊन जात. त्यांच्या दुकानापासून ते पायी जाण्याच्याच अंतरावर, मुसी नदीच्या काठी आहे. एका दिवसात पाहून होईल असे ते संग्रहालय नव्हे. म्हणून उस्तादांनी नियम केला होता, की एका रविवारी एकच दालन पाहावयाचे. एखाद्या वस्तूसमोर ते मला उभे करीत आणि विचारीत, "सांगा, काय दिसते?" मी काही सांगितले, की "आणखी?" असे म्हणत. त्यांचे ते 'आणखी' कधी संपत नसे.

दोन वर्षांनी मी बदनापुरास परतलो आणि संशोधन केंद्रात नोकरीस लागलो. पुढे अधूनमधून हैदराबादेस जाणे होई. शेवटी गेलो तो २०१३ साली. त्यानंतर घरच्या अडचणी, शेती, प्रकृती अशी एकेक कारणे निघत गेली आणि बारा वर्षे लोटली.

मग गेल्या वर्षी एके दिवशी उस्तादांच्या नातीचा फोन आला. ती सातवीत शिकते. ती म्हणाली, "दादांना आता दिसत नाही. ते तुमची आठवण काढतात."

उस्तादांना काचबिंदू झाला होता. या रोगात डोळ्याच्या आतील दाब बहुधा वाढतो आणि दृष्टीची नस हळूहळू क्षीण होत जाते. प्रथम कडेचे दिसेनासे होते. समोरचे दिसत असल्यामुळे माणसाला आपले काही हरवत आहे, याची जाणीवच होत नाही. वेळीच तपासणी झाली, तर औषधांनी रोगाला आळा घालता येतो. परंतु एकदा गेलेली दृष्टी परत येत नाही. केसाहून बारीक कमान पाहणारे ते डोळे! भिंगातून मला पहिल्यांदा घड्याळाचे पोट दाखविणारे ते डोळे! मी फोन खाली ठेवला आणि बराच वेळ अंगणात बसून राहिलो.

माघ महिन्यात नवी तूर घरात आली. आम्ही ती भरडून डाळ केली. पाच शेर डाळीचे गाठोडे बांधून मी बदनापूरहून एस.टी.ने जालन्यास आलो आणि रात्री हैदराबादकडे जाणाऱ्या आगगाडीत बसलो. माझ्या तरुणपणी हा लोहमार्ग अरुंद, मीटर गेजचा होता. डबे लहान असत आणि गाडी सावकाश चाले. आता मार्ग रुंद झाला आहे. परभणी गेली, नांदेड गेले. पहाटे बासरजवळ गाडी गोदावरीच्या पुलावर आली, तेव्हा बाहेर काळोख होता. पूल दिसला नाही. मात्र चाकांचा आवाज एकाएकी बदलला, पोकळ आणि घुमणारा झाला, आणि नदी आली हे मी ओळखले. मनात आले, उस्तादांना आता सारे जग असेच ओळखावे लागत असेल.

सिकंदराबाद स्थानकावर माझे एक तेलुगू मित्र मला न्यावयास आले होते. पाटणचेरूच्या शेतात आम्ही दोघांनी एकाच छत्रीखाली दोन पावसाळे काढले होते. त्यांच्या घरी न्याहारी करता करता त्यांनी मला शहरात काय काय बदलले ते सांगितले. २०१४ साली तेलंगण राज्य झाले. २०१७ पासून मेट्रो धावू लागली. मी शहर पाहिले त्या वेळी जेथे खडकाळ टेकड्या होत्या, तेथे आता उंच इमारती उभ्या होत्या. "आणि उद्याचा काय बेत?" त्यांनी विचारले.

"उस्तादांना भेटेन. जमल्यास त्यांना सालारजंगला घेऊन जाईन."

त्यांनी हातातील पेला खाली ठेवला. "भेटा अवश्य, पण संग्रहालयाचे नाव काढू नका. ज्याला दिसत नाही, त्याला पाहण्याच्या जागी नेणे म्हणजे जखमेवरची खपली काढणे होय."

त्यांचे म्हणणे मला पटले. संग्रहालयाचे नाव काढावयाचे नाही, असे मी मनाशी ठरविले.

दुसऱ्या दिवशी मेट्रोने महात्मा गांधी बस स्थानकापर्यंत आणि तेथून रिक्षाने मी पत्थरगट्टीस पोहोचलो. कमानी जागच्या जागी होत्या. दुकान आता उस्तादांचा मुलगा चालवितो. घड्याळांच्या शेजारी तेथे मोबाइलही दुरुस्त होतात. मागच्या गल्लीत त्यांचे घर. मी उंबरठ्यावर पाऊल ठेवले, चपला काढल्या, आणि एक शब्दही बोलण्यापूर्वी आतून आवाज आला, "या, बदनापूरवाले! तुमचा उजवा पाय अजून थोडा घासत चालतो."

मी पुढे होऊन त्यांचे हात हाती घेतले. दाढी पांढरी झाली होती. हसणे तेच होते. मी डाळीचे गाठोडे समोर ठेवले. त्यांनी ते सोडून मूठभर डाळ हातात घेतली, नाकाशी नेली आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले, "आज खट्टी दाल!" तुरीच्या डाळीत चिंच घालून केलेले हे वरण म्हणजे हैदराबादची खास आवड. भाभींनी डाळ निवडावयास घेतली. त्यांची नात माझ्यासाठी पाणी घेऊन आली. मी इकडचे तिकडचे बोलू लागलो. पाऊस, शेती, मुले, नातवंडे. संग्रहालयाचा विषय मी कटाक्षाने टाळीत होतो.

उस्ताद थोडा वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "आज रविवार आहे. दहा वाजून गेले असतील. आपण सालारजंगला कधी निघावयाचे?"

मला काय बोलावे ते सुचेना. "उस्ताद, तेथे..." एवढेच मी म्हणालो.

"मला दिसत नाही, तुम्हाला तर दिसते ना? मग अडचण काय?" ते उठून उभे राहिले. "नात बरोबर येईल. चला."

रस्त्याने जाताना त्यांचा एक हात माझ्या खांद्यावर आणि एक नातीच्या खांद्यावर होता. पण वाट तेच सांगत होते. येथे अत्तरवाल्याचे दुकान. आता रस्ता वळेल. हा वारा नदीवरून येतो आहे, म्हणजे आपण पोहोचलो. संग्रहालयाच्या पायऱ्यांशी येताच ते थांबले आणि त्यांनी नातीला आपली लहानपणची आठवण सांगितली.

या संग्रहालयाची कथा तुम्हीही ऐकण्यासारखी आहे. मीर युसुफ अली खान, तिसरे सालारजंग, हे १९१२ ते १९१४ या काळात निजामाचे दिवाण होते. ते पद सोडल्यावर त्यांनी आपले उरलेले आयुष्य आणि आपली संपत्ती वस्तू जमविण्यात घालविली. ग्रंथ, हस्तलिखिते, चित्रे, शस्त्रे, चिनी मातीची भांडी, हस्तिदंताच्या वस्तू, गालिचे आणि घड्याळे अशा कितीतरी वस्तू त्यांच्या वाड्यात येत राहिल्या. १९४९ साली त्यांचे निधन झाले. त्यांना अपत्य नव्हते. १६ डिसेंबर १९५१ रोजी 'दिवाण देवडी' या त्यांच्या वाड्यातच पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते संग्रहालयाचे उद्घाटन झाले. १९६१ साली संसदेने कायदा करून ते राष्ट्रीय महत्त्वाचे ठरविले, आणि १९६८ साली ते सध्याच्या इमारतीत आले. आठ वर्षांचे असताना उस्ताद आपल्या वडिलांचे बोट धरून दिवाण देवडीत गेले होते. तेथे त्यांनी एक मोठे घड्याळ पाहिले आणि घड्याळजी व्हावयाचे त्याच दिवशी ठरविले.

"पण ते बारा वाजता," उस्ताद म्हणाले. "आधी रेबेकाकडे चला."

अवगुंठित रेबेका हे या संग्रहालयातील एक प्रसिद्ध संगमरवरी शिल्प आहे. इटलीच्या बेंझोनी नावाच्या शिल्पकाराने ते घडविले. पहिल्या सालारजंगांनी १८७६ साली ते इटलीत विकत घेतले. बायबलमध्ये अशी कथा आहे, की रेबेका ही नववधू आपल्या भावी पतीस दुरून येताना पाहते आणि लज्जेने चेहऱ्यावर वस्त्र ओढून घेते. तो क्षण शिल्पकाराने दगडात धरला आहे.

आम्ही शिल्पासमोर उभे राहिलो. उस्तादांनी नेहमीचा प्रश्न केला, "सांगा, काय दिसते?"

मी म्हणालो, "फार सुंदर शिल्प आहे. संगमरवरात जणू पातळ वस्त्र विणले आहे."

"हे तर तुम्ही बदनापुरात बसूनही सांगितले असते," ते म्हणाले. "आणखी?"

मी ओशाळलो. चाळीस वर्षांत हे शिल्प मी कितीतरी वेळा पाहिले होते आणि गावात अनेकांना त्याचे वर्णनही ऐकविले होते. परंतु मी सांगत होतो ते ऐकलेलेच पुन्हा बोलत होतो. खरोखर काय दिसते ते सांगावयाचे म्हटल्यावर माझ्यापाशी शब्द नव्हते, कारण मी पाहिलेच नव्हते! मी पुन्हा पाहू लागलो. मान किंचित झुकलेली आहे. नजर खाली आहे. वस्त्राआडून नाकाची रेघ, ओठ आणि हनुवटी कळते. एकेक गोष्ट मी सांगत गेलो आणि उस्ताद मान डोलवीत गेले.

मग त्यांनी विचारले, "दगडातून पलीकडचे दिसत नाही. मग वस्त्राआडचा चेहरा दिसतो कसा?"

मला उत्तर देता येईना. तेवढ्यात नात बाजूला सरकली, पुन्हा समोर आली, पुन्हा दुसऱ्या बाजूस गेली. "दादा," ती म्हणाली, "आत चेहरा नाहीच! सगळे वरच आहे. जेथे वस्त्र चेहऱ्याला चिकटले आहे, तेथे दगड गुळगुळीत आहे. जेथे ते सुटले आहे, तेथे बारीक चुण्या आहेत. मी सरकले, की सावल्याही सरकतात. सावल्यांमुळे आपल्याला आत चेहरा आहे असे वाटते."

उस्तादांचा चेहरा उजळला. "शाब्बास! मी इतकी वर्षे पाहिले. पण सावल्यांकडे माझे लक्ष गेले नव्हते. आज मी रेबेका नव्याने पाहिली."

'पाहिली' हा शब्द ते सहज बोलून गेले. मी मात्र क्षणभर त्यांच्या तोंडाकडे पाहतच राहिलो.

पुढच्या दालनात एकाच लाकडी ओंडक्यातून कोरलेल्या दोन मूर्ती आहेत. समोर उभा आहे तो मेफिस्टोफेलिस, जर्मन कवी गटे याच्या नाटकातील सैतान. त्याच्या पाठीस पाठ लावून मार्गारेटा ही भोळी मुलगी आहे. मागे आरसा ठेवला आहे, म्हणून दोघेही एकदम दिसतात. आता आम्हाला प्रश्नाची वाट पाहावी लागली नाही. नात आणि मी चढाओढीने सांगू लागलो: त्याचा अंगरखा, त्याचे कुत्सित हसू, तिची झुकलेली मान, तिच्या हातातील प्रार्थनेचे पुस्तक. आम्ही मोठ्याने बोलत होतो, तेव्हा आणखी चारपाच माणसे आमच्याभोवती जमली. त्यांतील एक लहान मुलगा आपल्या आईला म्हणाला, "खरेच की, तिच्या हातात पुस्तक आहे!" इतका वेळ तोही तेथेच उभा होता, पण पुस्तक त्याला आता दिसले.

बाराला दहा मिनिटे असताना आम्ही संगीतमय घड्याळापाशी आलो. इंग्लंडहून सुटे भाग आणून कलकत्त्याच्या 'कुक आणि केल्व्ही' या पेढीने ते जुळविले होते. साडेतीनशेहून अधिक भागांचे हे घड्याळ पाहण्यासाठी रोज लोक जमतात. त्यातील एक चिमुकला लोहार हातोडीने सेकंद मोजत असतो. तास भरावयास तीन मिनिटे उरली, की एक दाढीवाला बाहुला दार उघडून बाहेर येतो आणि जितके वाजले असतील तितके टोल देऊन आत निघून जातो.

अंगणात बाकांवर शेदोनशे माणसे बसली होती. बोलणे थांबले. उस्तादांनी खिशातून आपले जुने खिशातले घड्याळ काढले. त्याच्यावर काच नव्हती. नजर गेल्यावर त्यांनी ती स्वतःच्या हाताने काढून टाकली होती, म्हणजे काटे बोटांना कळावेत. टोल सुरू झाले. एक... दोन... तीन... उस्तादांचे ओठ हलत होते. बारावा टोल पडला, तसे त्यांनी अलगद बोट काट्यांवरून फिरविले. दोन्ही काटे एकावर एक आले होते.

"बरोबर आहे," ते हळूच म्हणाले. "तेही बरोबर, आणि मीही बरोबर."

भोवतालचे लोक त्या बाहुल्याकडे बोटे दाखवीत हसत होते. मी उस्तादांच्या बोटांकडे पाहत होतो. माझे तेलुगू मित्र म्हणाले होते, की त्यांना येथे आणणे म्हणजे खपली काढणे होय. त्यांनी ते प्रेमानेच म्हटले होते. पण आम्ही दोघांनी उस्तादांच्या वतीने आधीच ठरवून टाकले होते, की त्यांचे पाहणे संपले. ते ठरविण्याचा आम्हाला काय अधिकार होता?

सोमवारी सकाळी आम्ही पब्लिक गार्डनमधील राज्य संग्रहालयात गेलो. या खेपेस तेलुगू मित्रही हट्टाने बरोबर आले. दोन हजार वर्षांहून जुनी अशी इजिप्तमधील एक ममी तेथे आहे. बहुतेक मुले तीच पाहावयास धावतात. मला मात्र अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृतींकडे जावयाचे होते. अजिंठा आमच्या मुलखातला! मग त्याची चित्रे हैदराबादेत कशी? त्याचे असे, की अजिंठ्याची लेणी त्या वेळी हैदराबाद संस्थानात होती. १९१४ साली संस्थानाचे पुरातत्त्व खाते सुरू झाले आणि गुलाम याझदानी हे त्याचे प्रमुख झाले. चित्रांचे रंग सुटून पडत होते; ते वाचविण्यासाठी १९२० च्या सुमारास इटलीहून तज्ज्ञ बोलाविण्यात आले. शिवाय कलावंतांना लेण्यांत बसवून मूळ चित्रांच्या हुबेहूब प्रती करून घेण्यात आल्या.

अशा प्रती करण्याचे प्रयत्न पूर्वीही झाले होते. रॉबर्ट गिल याने अनेक वर्षे लेण्यांत राहून केलेल्या प्रतींपैकी बहुतेक १८६६ साली लंडनमधील आगीत जळाल्या. पुढे जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या कलाशाळेतील त्याचे विद्यार्थी यांनी पुन्हा प्रती केल्या; त्यांतील पुष्कळशा १८८५ साली लंडनमध्येच दुसऱ्या आगीत नष्ट झाल्या. तरीही कोणीतरी पुन्हा लेण्यात गेले, पुन्हा अंधारात दिवा धरून बसले आणि पुन्हा एकेक रेघ पाहून उतरवू लागले.

मी हे सांगितले, तेव्हा उस्ताद म्हणाले, "त्या चितारणाऱ्यांनी अजिंठा जितका पाहिला असेल, तितका दुसऱ्या कोणी पाहिला नसेल. त्यांना दुसऱ्याला दाखवावयाचा होता ना!"

हे ऐकून माझे तेलुगू मित्र पुढे झाले. त्यांनी उस्तादांचा हात आपल्या हातात घेतला आणि एका चित्रासमोर उभे राहून, जरा अडखळत, सांगावयास आरंभ केला. मी मागे सरकलो. मला जे एका दिवसापूर्वी कळले, ते त्यांना आता कळत होते.

त्या रात्री मी परतीच्या गाडीत बसलो. भाभींनी शिदोरी बांधून दिली होती. उस्ताद स्थानकापर्यंत आले. निरोप घेताना मी म्हणालो, "उस्ताद, आता बारा वर्षे लावणार नाही."

"हौ," ते म्हणाले, "आणि येताना डोळे उघडे ठेवून या. सांगावे लागेल!"

गाडी हलली. पहाटे जालन्यास उतरलो आणि बदनापूरची एस.टी. पकडली. रोजचाच रस्ता, पण मी खिडकीशी बसून पाहू लागलो. काढणी झालेल्या तुरीची रिकामी शेते, मोसंबीच्या बागा, उसाच्या गाडीमागे धावणारी दोन पोरे. हे सारे उस्तादांना कसे सांगता येईल, याचा विचार करीत मी पाहत होतो, आणि आजवर कधी न दिसलेल्या कितीतरी गोष्टी मला दिसत होत्या.

गेल्या रविवारी नातीचा फोन आला होता. आता ती दर रविवारी दादांना संग्रहालयात नेते. नियम जुनाच, एका रविवारी एकच दालन. तिच्या वर्गातील दोन मैत्रिणीही आता बरोबर येऊ लागल्या आहेत. "काका," ती म्हणाली, "आज आम्ही हस्तिदंताच्या वस्तू पाहिल्या. सांगू, काय दिसले?"

"सांग," मी म्हणालो.

तिने बराच वेळ सांगितले. ती थांबली, तेव्हा मी हसून विचारले, "आणखी?"